कुपीवरचा चौकोन

जामसरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात येईपर्यंत लसीची कुपी तीन भांडारं ओलांडते: पुण्याचं राज्य भांडार, विभागीय भांडार आणि पालघरचं जिल्हा भांडार. केंद्रातल्या आयएलआर फ्रीजमधून ती आइसपॅक लावलेल्या पेटीत बसून पाड्यावर जाते. बहुतेक लसींना सगळीकडे तापमान हवं 2 ते 8 अंश सेल्सिअस. एका ठिकाणी जरी वीज गेली नि कुणाच्या लक्षात आलं नाही, तरी लस बिघडू शकते. बिघडलेली लस बहुधा चांगल्या लसीसारखीच दिसते आणि आई निर्धास्त घरी जाते.

उष्णतेचा हिशेब कुपी स्वतःच ठेवते. लेबलवरच्या जांभळट वर्तुळात एक फिका चौकोन असतो. जितकी ऊब लागेल तितका तो गडद होतो, आणि थंड केल्यावर पुन्हा फिका होत नाही. चौकोन वर्तुळाच्या रंगाचा झाला की कुपी बाद. बिघाड आधीच्या कुठल्याही टप्प्यावर झालेला असो, शेवटच्या हाताला तो कळतो. ही सोय मला फार मोलाची वाटते.

गोठण्याचं मात्र हा चौकोन सांगत नाही. पेंटाव्हॅलेंट, हिपॅटायटिस-बी, टीडी या लसी गोठल्या की निकामी होतात. म्हणून आइसपॅक फ्रीझरमधून काढून थेट पेटीत घालायचे नसतात. हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत बाहेर ठेवायचे असतात. घाईच्या सकाळी नेमकं हेच राहून जातं. शंका आली तर ‘शेक टेस्ट’ असते: त्याच लसीची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवायची, दोन्ही हलवून शेजारी ठेवायच्या. संशयित कुपीतला गाळही तितक्याच लवकर खाली बसला, तर ती टाकून द्यायची.

याशिवाय चांगला मालही वाया जातो. गोवर-रुबेलाच्या एका कुपीत अनेक डोस असतात, आणि उघडल्यावर चार तासांत ती संपवावी लागते. विखुरलेल्या पाड्यावर दोनच बाळं आली तरी कुपी उघडायचीच, असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. 1992 साली वावर-वांगणीत कुपोषणाने झालेले बालमृत्यू पाहिलेल्या या जव्हार तालुक्यात उरलेल्या डोसांसाठी लस टोचणाऱ्या एएनएम ताईंना जाब विचारला, तर पुढच्या वेळी त्या बाळालाच परत पाठवतील. इथला वाया जाण्याचा आकडा शहराच्या मापाने मोजू नये.

आणि पालकांनो, लस टोचण्याआधी कुपीवरचा चौकोन दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.