लिंबू, नारळ आणि क्यू नंबरची प्लेट

सोमवार ते शुक्रवार मी नेमकं काय करतो? एका एक्सेल शीटमधले आकडे उचलून दुसऱ्या शीटमध्ये टाकतो. त्यांचं प्रेझेंटेशन बनवतो. ते ज्यांना दाखवतो, ती मंडळी तेव्हा आपापल्या मोबाइलमध्ये असतात. तुमचंही थोड्याफार फरकाने हेच चालू असणार! तक्रार नाही, पगार वेळेवर होतो. पण संध्याकाळी घरी कुणी विचारलं, ‘आज काय केलंस?’ तर हातात धरून दाखवावं असं काही नसतं.

माझ्या बाबांचं तसं नव्हतं. ते एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये होते. हाताला ग्रीसचा वास घेऊन घरी यायचे आणि आज कुठल्या डेपोची गाडी बरी होऊन गेली, ते जेवताना सांगायचे. मला मात्र त्यांनी पाना हातात धरू दिला नाही. ‘तू शीक, ऑफिसात बस’ म्हणाले. मी शिकलो, ऑफिसात बसलो, बसता बसता इंग्लंडला पोहोचलो. आणि चार वर्षांपूर्वी तिथल्या गॅरेजमध्ये एक स्पोर्ट्स कार बनवायला घेतली.

बनवायला म्हणजे खरंच बनवायला. विकत घेऊन स्टिकर चिकटवायला नव्हे!

हे वेड या देशात जुनं आहे. 1957 मध्ये लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमननं ‘सेव्हन’ नावाची गाडी काढली. लांब नाक, दोन सीट, दारं नाहीत, छप्पर असून नसल्यासारखं. तयार गाडीवर तेव्हा इथे परचेस टॅक्स होता. सुटे भाग घेऊन घरी जोडली की तो वाचायचा. मात्र सोबत जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत, असा नियम. मग म्हणे चॅपमननं गाडी ‘सुटी कशी करायची’ याच्या सूचना दिल्या. उलट्या क्रमाने वाचा, झाली गाडी तयार! किस्सा खरा की तिखटमीठ लावलेला, ते चॅपमनच जाणे, पण इथला प्रत्येक गाडीवेडा तो शपथेवर सांगतो. 1973 मध्ये सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. आणि 1996 मध्ये रॉन चॅम्पियन नावाच्या गृहस्थांनी पुस्तक लिहिलं, अवघ्या 250 पौंडांत तुमची स्वतःची स्पोर्ट्स कार बनवा! तशा गाड्यांना ‘लोकॉस्ट’ हे नाव पडलं.

250 पौंड हा आकडा कृपया विसरा. माझ्या बायकोला मी सुरुवातीला तोच सांगितला होता. ती अजून त्याची आठवण काढते.

पुस्तकातला हिशोब जुन्या फोर्ड एस्कॉर्टच्या भागांवर मांडलेला होता. आता त्या एस्कॉर्टलाच सोन्याचा भाव आलाय, म्हणून बरेच जण माझदा एमएक्स-5 सुटी करतात. मीही तेच केलं. एकीचं 1.8 लिटरचं इंजिन आणि गिअरबॉक्स, दुसरीचं डिफरन्शियल. सांगाडा मात्र माझा. एक इंचाचे चौकोनी पोलादी पाइप करवतीने कापले, संध्याकाळच्या क्लासला जाऊन वेल्डिंग शिकलो. पहिल्या महिन्यात माझे जोड म्हणजे कबुतराने बसून घाण केल्यासारखे दिसायचे. ते सगळे कापून पुन्हा केले. चार हिवाळे गेले. तयार गाडी भरली साधारण 600 किलो. आपली स्विफ्ट हलकी म्हणतो, ती 900च्या आसपास असते.

घरी बनवलेली गाडी रस्त्यावर आणायची तर इथे आयव्हीए नावाची तपासणी असते, 2009 पासून. एक अधिकारी अख्खी गाडी तपासतो. ब्रेक, दिवे, आरसे, आवाज, स्पीडोमीटर. बाहेरच्या कडासुद्धा! अंगाला लागू शकेल अशी कड किमान अडीच मिलिमीटर गोलाईची हवी. स्टिअरिंग वळवून सोडलं की आपणहून सरळ व्हायला हवं. माझं झालं नाही. नापास! पुढच्या चाकांची दिशा बारीक बदलली, टायरमधली हवा कमीजास्त केली आणि दुसऱ्या खेपेला पास झालो. बारावीच्या निकालाला झाला नव्हता इतका आनंद झाला.

आता तुम्ही विचाराल, हे पुण्या-मुंबईत जमेल का? रस्त्यावर चालवायला, नाही. आपल्याकडे गाडीच्या मॉडेलला मंजुरी लागते, ती देणाऱ्या संस्थांपैकी एक म्हणजे आपल्या टेकडीवरची एआरएआय, आणि ती वाट कंपन्यांसाठी आहे, गॅरेजमधल्या हौशी माणसासाठी नाही. कंपनीने बनवलेल्या गाडीच्या मूळ रचनेत फेरफार केलेला चालणार नाही, हे सुप्रीम कोर्टानेही जानेवारी 2019 मध्ये बजावलं. कॉलेजची पोरं स्पर्धांसाठी झकास गाड्या बनवतात, पण त्या ट्रॅकवरच पळतात. मला याचं वाईट वाटतं. कारण हात असलेली माणसं आपल्याकडे इथल्यापेक्षा कमी नाहीत.

तर, नंबर आला. वेगवेगळ्या गाड्यांचे जुने भाग असल्यामुळे ‘क्यू’ने सुरू होणारा. जिचं वय किंवा ओळख ठरवता येत नाही, तिला इथे क्यू नंबर देतात. नाक मुरडणारे मुरडतात. मला तर आवडला. प्लेट हातात पडली तो गुरुवार होता, आणि बाबांचं पुण्याचं विमान रविवारी.

बाबा चार महिने आमच्याकडे होते. बहात्तर वर्षांचे, गुडघे दुखरे. रोज गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसायचे आणि काही बोलायचे नाहीत. पाना मागितला की अचूक नंबरचा द्यायचे, बस. पुण्याहून येताना त्यांनी स्वतःच्या पान्यांतले चार सोबत आणले होते. कशाला, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मी प्लेट लावली. बाबा उठले, कष्टाने पाय उचलून गाडीत शिरले. मला वाटलं, बसून बघतायत. त्यांनी ब्रेकचं पेडल दाबलं आणि तसंच धरून ठेवलं. ओठ हलत होते. आकडे मोजत होते.

‘खाली जातंय,’ ते म्हणाले.

‘बाबा, गाडी पास झालीय.’

‘पास झाल्यावर तू काय केलंस?’

मी गप्प. पास झाल्यानंतर मागच्या ब्रेकचा पाइप मला दिसायला बरा वाटेना, म्हणून मी नवा वळवून बसवला होता. निव्वळ शोभेसाठी! टॉर्च घेऊन बाबा मागे वाकले आणि डाव्या चाकाजवळ सांगाड्यावर बोट ठेवलं. रुपयाएवढ्या जागी माझा काळा रंग फुगून आला होता. ब्रेक ऑइल रंग खातं. नटखाली ते पाझरत होतं, इतकं थोडं की जमिनीवर थेंबही नव्हता.

पाइपाचं टोक नटमध्ये घट्ट बसावं म्हणून हत्याराने फुलवावं लागतं. माझं एका बाजूला कलंडलं होतं. मला ते बसवताना दिसलं होतं का? खरं सांगू? दिसलं होतं. रात्रीचे साडेअकरा झाले होते, सकाळी मीटिंग होती, मी नट अजून जरा आवळला आणि दिवा बंद केला. ऑफिसात आपण असं रोज करतो. चुकलेला आकडा पुढच्या आठवड्यात सुधारतो, एक ‘सॉरी’ची मेल टाकतो. पुढचे आणि मागचे ब्रेक वेगळ्या लाइनवर असतात, त्यामुळे पुढचे चालले असते, एवढीच काय ती आशा. पोटात गोळा आला.

बाबा ओरडले नाहीत. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं. पाइप काढला, नवा तुकडा कापला, टोक फुलवलं. त्यांनी डोळ्याजवळ धरून पाहिलं आणि परत दिलं. पुन्हा केलं. पुन्हा परत. तिसरं पसंत पडलं. मग लाइनमधली हवा काढायची होती. मी म्हटलं, तुम्ही वर बसा, पेडल दाबा, खाली मी जातो. ऐकतील तर शपथ! सतरंजी अंथरून स्वतः खाली गेले. मी वर.

‘दाब... धर... सोड. दाब... धर... सोड.’

तासभर हेच. पुण्याच्या वाड्यात मी कधीच ऐकला नव्हता तो आवाज, कामावरचा. शेवटी पेडल दगडासारखं झालं. मी शंभरपर्यंत मोजलं. मग त्यांनी मला पुन्हा मोजायला लावलं.

शनिवारी सकाळी सहाला आम्ही गाडी दारात काढली. कुंकवाचं स्वस्तिक, हार, नारळ, पुढच्या चाकांखाली लिंबं, सगळं यथासांग. शेजारचे इंग्रज आजोबा ड्रेसिंग गाऊनमध्ये बाहेर आले आणि लिंबं बघून चक्रावले. कारण इंग्रजीत ‘लेमन’ म्हणजे भिकार निघालेली गाडी! त्यांना समजावता समजावता बायकोची वाट लागली.

पहिल्या फेरीला शेजारी कुणाला घ्यायचं नाही, हा गाडी बनवणाऱ्यांचा अलिखित नियम. मी एकटा पुढे, बायको आणि बाबा आमच्या रोजच्या गाडीतून मागे. डिकीत जॅक, पाने, पाणी आणि आग विझवायचा सिलिंडर.

आम्ही राहतो मिल्टन कीन्सला, लंडनपासून साधारण 80 किलोमीटरवर. 1967 मध्ये कागदावर आखलेलं शहर. सरळसोट रस्ते आणि शंभराहून जास्त गोल चौक. सिमेंटच्या गायींसाठीही प्रसिद्ध, त्या जाऊ देत. पहिल्या चौकाशी मी ब्रेक लावला तेव्हा श्वास धरलेला होता. गाडी थांबली. सरळ थांबली! इतकी साधी गोष्ट, पण मी एकटाच मोठ्याने हसलो.

गाडी कशी वाटते? बुड जमिनीपासून वीतभर वर. ट्रकच्या चाकांचे नट डोळ्यांसमोर येतात. पुढची चाकं उघडी, खड्डा आला की ती वरखाली होताना दिसतात, आणि तुम्हाला ठाऊक असतं की त्या पट्टीचा बोल्ट आपण कोणत्या रविवारी आवळला. कानात वारा, नाकात गरम रंगाचा वास. डोळे मात्र रस्त्यापेक्षा ऑइल प्रेशरच्या काट्यावर जास्त. तो जरा हलला तरी काळजात धस्स. मजा वगैरे येत नव्हती. पहिले तीन मैल मी फक्त ऐकत होतो.

आणि चौथ्या मैलाला ऐकू आलं. टुंग!

चौकात उजवीकडे वळलं की डावीकडून टुंग. सरळ झालं की गप्प. पुढचा चौक, पुन्हा टुंग. डोक्यात यादी सुरू झाली: बेअरिंग, शाफ्ट, वेल्डिंग तुटलं... ओल्ड स्ट्रॅटफर्ड ओलांडून बकिंगहॅमच्या रस्त्याला लागलो आणि डीनशँगरजवळ जागा मिळताच गाडी बाजूला घेतली. मागून बाबा उतरले, गुडघा धरत आले.

‘आवाज येतोय,’ मी म्हटलं. माझा चेहरा पांढरा पडला होता म्हणे.

त्यांनी आधी चारही चाकांना हात लावून बघितलं, कुठलं जास्त तापलंय का. मग मला टॉर्क रेंच दिला, चाकांचे नट पुन्हा तपासायला लावले. दोन नट पाव पाव फेरा फिरले. नव्या गाडीत थोड्या मैलांवर हे करायचंच असतं. टुंग मात्र नटांचं नव्हतं. बाबांनी डाव्या सीटखाली हात घातला, चाचपलं आणि बाहेर काढला तेरा नंबरचा पाना. त्यांचाच! दोन महिने आम्ही घरभर शोधत होतो. वळताना तो घसरून अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर आपटत होता.

बायको हसून हसून बॉनेटवर टेकली. मला हसावं की रडावं कळेना. बाबांनी रुमालाने पाना पुसला.

‘मागून कशी दिसते?’ मी विचारलं.

‘सरळ चालते. चारी चाकं एका रेषेत.’ जरा थांबून म्हणाले, ‘वळणावर जास्त घाबरतोस.’

मग पाना शर्टाच्या खिशात टाकून, मी काही म्हणायच्या आत ते डाव्या बाजूला गेले, एक हात सांगाड्यावर आणि एक बायकोच्या खांद्यावर ठेवून पाय आत टाकला आणि सीटवर बसले. पट्टा कसा लावायचा ते मी दाखवायला लागलो तर हात झटकला. बकिंगहॅम अजून बरंच पुढे होतं आणि रस्ता रिकामा होता. मी चावी फिरवली. बाबांनी टोपी काढून मांडीखाली दाबून धरली.

‘चल,’ म्हणाले, ‘आता जरा पळव.’