अंगणातील पाणी आणि पाळीव कुत्रा

आषाढात जालन्याच्या मोंढ्याभोवतालच्या जुन्या गल्ल्यांत पाणी तुंबले, की ते बिळांत शिरते आणि उंदीर-घुशी धान्याच्या खोल्यांकडे वळतात. त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा नावाचे नागमोडी जिवाणू बाहेर पडतात. ओल्या मातीत व साचलेल्या पाण्यात ते कित्येक आठवडे तग धरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या आजाराने अनेकांचे बळी घेतले. तोच लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यालाही होतो, याची जाणीव मात्र थोड्याच घरांत आढळते.

श्रावकांच्या घरी पाणी गाळून, उकळून घेण्याची शिस्त असते. येथे एक भेद ध्यानात घ्यावा: गाळण्यातून हे जिवाणू सहज पार होतात, उकळल्यावर मात्र नष्ट होतात. स्वयंपाकघरात पाळली जाणारी ही दक्षता अंगणातील कुत्र्याच्या भांड्यापर्यंत पोहोचत नाही. ते हौदातून भरले जाते व रात्रभर उघडे राहते. शिवाय डबक्यातून चालताना पायाच्या जखमेवाटेही जिवाणू शरीरात शिरतात.

कुत्रा अन्न सोडतो, उलट्या करतो, अंग दुखत असल्याने उठावयास कचरतो. डोळे व हिरड्या पिवळ्या पडतात. कावीळ दिसेपर्यंत थांबणे महागात पडते, कारण तोवर यकृताबरोबर मूत्रपिंडेही निकामी होऊ लागलेली असू शकतात. पशुवैद्य रक्त व मूत्र तपासून प्रतिजैविके देतात. वेळीच उपचार झाल्यास बहुतेक कुत्रे वाचतात. मांजरे क्वचितच आजारी दिसतात, तरी त्यांच्या मूत्रातूनही जिवाणू जाऊ शकतात.

रेबीजची लस टोचली म्हणजे सारे झाले, हा समज चुकीचा आहे. लेप्टोची लस निराळी. प्रथम तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा आणि पुढे दरवर्षी एक. पावसाळ्यापूर्वी ती द्यावी. ती या जिवाणूच्या सर्व प्रकारांवर चालत नाही, म्हणून उंदरांचा बंदोबस्त हवाच.

उंदीर मारणे ज्या घराला मान्य नाही, तेथे काय करावे? धान्य झाकणाच्या कोठीत ठेवावे, मोरीला जाळी बसवावी, कुत्र्याचे उष्टे रात्री उचलावे. विषाच्या वड्या तर कुत्र्याच्याच जिवावर उठतात. विष खाल्लेला उंदीर त्याने खाल्ला, तरी त्याला बाधा होते.

आजारी कुत्र्याचे मूत्र हातमोजे घालून, जंतुनाशकाने धुवावे. घरात कोणास ताप आल्यास डॉक्टरांना कुत्र्याच्या आजाराविषयी आवर्जून सांगावे.