बेला बार्टोक : भाषेच्या लयीतून घडलेले संगीत

लोकगीतांचा अभ्यास करताना आपण बहुधा शब्द पाहतो. चाल बाजूला राहते. या दोहोंचा अनुबंध हंगेरीचे पियानोवादक व संगीतरचनाकार बेला बार्टोक (१८८१–१९४५) यांच्या कार्यातून समजून घेऊ.

जडणघडण : बार्टोक यांना पियानोचे पहिले धडे आईकडून मिळाले. बुडापेस्टच्या संगीत अकादमीत शिकून १९०७ मध्ये ते तेथेच पियानोचे अध्यापक झाले. त्या काळी शहरांतील जिप्सी वादक जे वाजवीत, तेच 'हंगेरियन संगीत' मानले जाई. १९०४ मध्ये खेड्यातील मुक्कामात मुले सांभाळणाऱ्या एका तरुणीचे गाणे त्यांच्या कानी पडले. शेतकऱ्यांचे गाणे निराळे आहे, हे त्यांना जाणवले.

संकलन व विश्लेषण : पुढे झोल्तान कोडाय या सहकाऱ्यासह त्यांनी खेडोपाडी हिंडून फोनोग्राफवर हजारो गाणी मुद्रित केली. हंगेरियन भाषेत आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडतो. म्हणून तेथील लोकगीताची ओळही सहसा आघातानेच सुरू होते. काही गाणी बोलण्याच्या ओघाने मुक्त लयीत, तर काही नृत्याच्या काटेकोर तालात गायली जातात. 'ब्लूबियर्डचा किल्ला' (१९११) या आपल्या एकमेव ऑपेरात बार्टोक यांनी पात्रांचे गायन भाषेच्या याच लयीवर बेतले. 'मिक्रोकॉस्मोस' या १५३ पियानोरचनांच्या क्रमिक संग्रहातही लोकसंगीताचे संस्कार दिसतात.

विरोध : बार्टोक यांनी स्लोव्हाक व रुमानियन गाणीही तितक्याच आस्थेने जमविली. पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीचा मोठा प्रदेश शेजारी राष्ट्रांकडे गेला. अशा वेळी रुमानियन गीतांवर लिहिल्यामुळे त्यांच्या देशनिष्ठेविषयीच शंका घेतली गेली. तरीही त्यांनी मत बदलले नाही. चाली सीमा ओलांडतात, बदलतात आणि बदललेल्या रूपात परततात. या देवघेवीनेच लोकसंगीत समृद्ध होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. नाझी प्रभाव वाढताच १९४० मध्ये त्यांनी देश सोडला. न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा तिसऱ्या पियानो कन्चेर्तोच्या अखेरच्या १७ मात्राखंडांचे वाद्यवृंदलेखन अपुरे होते.

सारांश : 'शुद्ध' परंपरेचा आग्रह अभ्यासकाला आंधळा करतो, काळजीपूर्वक ऐकणे त्याला डोळस करते.

उपक्रम : आपल्या परिसरातील एक ओवी प्रत्यक्ष ऐका. गाताना कोणती अक्षरे लांबतात व बोलताना ती तशीच लांबतात का, याची नोंद करा.