कंबरदुखी आणि नितंबांचे स्नायू

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला, की पिंपळी परिसरात कंबरदुखीचे रुग्ण वाढतात. "डॉक्टर, इंजेक्शन द्या, उद्या फडात जायचंय," एवढेच त्यांचे मागणे असते. मीही पुष्कळ वर्षे वेदनाशामक गोळ्या आणि कमरेचा पट्टा देऊन मोकळा होत असे. चार दिवस बरे वाटे, पंधरवड्याने तोच रुग्ण पुन्हा दारात! दुखते कमरेत, पण दुबळेपणा अनेकदा नितंबांच्या स्नायूंत असतो, हे मी उशिराच तपासू लागलो.

नितंबाचा मोठा स्नायू हा शरीरातील सर्वांत मोठा स्नायू. वाकलेले धड सरळ करणे, मांडी मागे नेणे व बाहेरच्या बाजूस फिरवणे हे त्याचे काम. त्याच्या वरच्या बाजूचा मधला स्नायू एका पायावर उभे राहताना कटिभाग समतोल ठेवतो.

या स्नायूंचे महत्त्व गोल्फमध्ये चांगले दिसते. पुण्याचे उदयन माने हा खेळ २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळले. पाहणाऱ्याला वाटते, चेंडू हातांच्या जोराने जातो. प्रत्यक्षात उजव्या हाताचा खेळाडू काठी मागे नेताना उजव्या खुब्यावर भार घेतो आणि फटका मारताना तो डाव्या पायावर आणतो. नितंबांचे स्नायू कटिभाग फिरवतात, तो जोर धडातून हातांत येतो. हे स्नायू दुबळे असतील, तर पिळा कमरेच्या मणक्यांवर पडतो. मणक्यांना फिरण्याची मुभा फार थोडी. म्हणूनच गोल्फ खेळणाऱ्यांत कंबरदुखी ही नेहमीची तक्रार आहे.

आपल्याकडे मोळी उचलताना हेच घडते. गुडघे ताठ ठेवून वाकले, की भार कमरेवर येतो. दिवसभर ट्रॅक्टरवर वा दुकानात बसणाऱ्यांचे तर हे स्नायू सुस्तावलेलेच असतात.

उपाय बिनखर्चाचा आहे. उताणे झोपून गुडघे दुमडावेत, पावले जमिनीवर टेकवावीत. नितंब आवळून कंबर वर उचलावी, ५ अंक मोजून खाली आणावी. असे १० वेळा, सकाळ-संध्याकाळ करावे. मग खुर्चीवर बसल्याप्रमाणे अर्ध्या बैठका माराव्यात. आपल्या तालमीतील बैठक या स्नायूंना उत्तमच. पण गुडघे दुखत असतील तर पूर्ण बैठक नको. फरक पडण्यास दीड-दोन महिने लागतात, धीर सोडू नये. ओझे उचलताना गुडघे व खुबे वाकवावेत, मोळी अंगाजवळ धरावी आणि पिळा न देता पावलांनी वळावे.

मात्र पायात बधिरपणा वा अशक्तपणा, ताप, किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणे, यांपैकी काहीही असेल तर व्यायाम करू नये. ताबा गेल्यास त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. तेथे उशीर झाल्यास झालेले नुकसान भरून निघेलच, असे नाही.