शरीराच्या आतले माणसाला कसे कळले?



विज्ञानाच्या तक्त्यावर आपण हृदय, फुप्फुसे, आतडी बघतो. पण कातडीच्या आतले हे सगळे माणसाला पहिल्यांदा कसे दिसले असेल? तेव्हा तर क्ष-किरणही नव्हते. उत्तर असे की, मेलेल्या माणसाचे शरीर उघडून पाहिले, म्हणून कळले. याला शवविच्छेदन म्हणतात.

आपल्याकडे सुश्रुताने फार पूर्वी त्याची रीत सांगितली आहे. प्रेत गवतात गुंडाळून पिंजऱ्यात घालायचे नि वाहत्या पाण्यात आडबाजूला ठेवायचे. सात रात्रींनी ते मऊ पडले की वाळ्याच्या कुंचल्याने हळूहळू घासून एकेक थर बघायचा. सुश्रुताने हाडे 300 सांगितली, कारण त्याने दातही मोजले होते. आज मोठ्या माणसाची हाडे 206 धरतात. पुढे प्रेताला शिवणे वर्ज्य ठरले आणि ही विद्या मागे पडली.

युरोपात गेलेन नावाचा वैद्य माकडे, डुकरे कापून शिकला. त्याचेच म्हणणे लोक तेराशे वर्षे खरे मानत होते. मग इटलीतील पादुआ गावी व्हेसॅलियस सर्वांसमोर माणसाचे प्रेत स्वतः उघडून दाखवू लागला. गेलेन म्हणे, खालच्या जबड्यात दोन हाडे असतात. व्हेसॅलियसने दाखवले, एकच असते! 1543 साली त्याने चित्रांसह मोठा ग्रंथ छापला. मात्र ही प्रेते बहुतेक फाशी दिलेल्या गुन्हेगारांची असत. त्यांना कोणी विचारले नव्हते.

आपल्या देशात 1836 साली कलकत्त्यास पंडित मधुसूदन गुप्त यांनी धीर करून विच्छेदन केले. 1845 साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले. तेथून 1851 साली पहिली तुकडी बाहेर पडली. तीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. पुण्यात ससूनशेजारी बी. जे. मेडिकल कॉलेज 1946 पासून आहे.

डॉक्टर होणारी मुले पहिल्याच वर्षी मृतदेहावर शिकतात. तो त्यांचा पहिला गुरूच. पण हे देह येतात कुठून? 1949 च्या कायद्याने बेवारस देह कॉलेजला देता येऊ लागले. आता पुष्कळ माणसे आपण होऊन देहदान करतात. त्यासाठी जिवंतपणीच मेडिकल कॉलेजात अर्ज भरायचा असतो.

आमच्या आजोबांनी असा अर्ज भरला आहे. आजीला ते पटत नाही. ती म्हणते, "अग्नी नाही दिला तर गती कशी मिळायची?" आजोबा म्हणतात, "जन्मभर रानात राबलो, शाळा काही झाली नाही. मेल्यावर तरी मास्तर होऊ दे की!" मला दोघांचेही खरे वाटते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. अर्ज कितीही भरला तरी शेवटी कॉलेजला कळवायचे नि देह पोचवायचा तो घरच्यांनीच, आणि तेही लवकर. म्हणून हा विषय सगळे हयात असतानाच घरात बोलून घ्यावा.

— इयत्ता सातवी