शेवटच्या पाळीची तारीख

डोंबिवली पूर्वेला एका लहानशा प्रसूतिगृहात, परिचयातील डॉक्टरीणबाईंच्या परवानगीने आणि तपासणीस आलेल्या स्त्रियांच्या संमतीने, कोपऱ्यातील बाकावर बसून मी सलग तीन सोमवारच्या सकाळी काढल्या. आणि त्या सकाळींत जे असंख्य प्रश्न कानांवर पडले, त्यांतील सर्वांत साधा दिसणारा आणि उत्तराला सर्वांत अवघड असा प्रश्न एकच होता. सिस्टर प्रत्येकीला विचारीत, "शेवटची पाळी कधी आली होती?"

उत्तर तारखेने क्वचितच येई. कोणी म्हणे, "गणपती बसायच्या आधी चार दिवस", कोणी सांगे, "नणंदेच्या हळदीला. म्हणून तर मी लांब बसले होते." मग सिस्टर भिंतीवरचे कालनिर्णय खिळ्यावरून उतरवीत, मागची पाने उलटून तारीख काढीत, तीत नऊ महिने आणि सात दिवस मिळवीत आणि बाळंतपणाचा अदमासाचा दिवस कार्डावर लिहीत. विसाव्या आठवड्यानंतर ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या माथ्यापर्यंत कापडी टेप लावली, की जितके सेंटिमीटर तितके साधारणपणे आठवडे, असा हा हिशेब. परंतु मूळ तारीखच चुकलेली असेल, तर तीन-चार सेंटिमीटरांची तूट म्हणजे बाळ खुरटले आहे की केवळ वयाने लहान आहे, हे सांगणे त्या टेपच्या शक्तीबाहेरचे. सुरुवातीच्या महिन्यांत सोनोग्राफी झालेली असेल तर ही अडचण पुष्कळशी दूर होते. पण पहिल्यांदाच पाचव्या-सहाव्या महिन्यात येणारीच्या बाबतीत सारी भिस्त त्या आठवणीवर.

टिटवाळ्याहून लोकलने आलेली एक सडपातळ मुलगी वजनकाट्यावर उभी राहिली. चौथा महिना, आणि काटा ४२ किलोंवर. तो आकडा ऐकताच मला पुण्याच्या अभ्यासाचे स्मरण झाले, कारण त्या अभ्यासातील स्त्रियांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन याच आकड्याच्या आसपास होते.

१९९३ साली के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत जे काम आरंभिले, त्याचा प्रारंभ गरोदर स्त्रियांपासून झालाच नाही. घरोघर जाऊन, दिवस जाण्यापूर्वीच, विवाहित स्त्रियांची वजने-उंची मोजली गेली आणि मग दर महिन्याला कार्यकर्त्या पुन्हा त्याच उंबऱ्यावर जाऊन पाळीची तारीख टिपून घेऊ लागल्या. पुढे जगभर वाचले गेलेले निबंध या नोंदींच्या पायावर उभे आहेत. आणि त्या निष्कर्षांइतकाच मला या मासिक फेरीविषयी आदर वाटतो, कारण परक्या घरच्या सुनेला, सासूच्या देखत, हा प्रश्न महिन्यामागून महिना विचारीत राहायचे आणि तिने खरे सांगावे इतका विश्वास कमवायचा, हे काम कोणत्याही यंत्राच्या स्वाधीन करता येत नाही.

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्या नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी केलेली आहे. इकडचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तिकडचे ३.५, पण खांद्यामागच्या त्वचेची घडी चिमट्याने मोजली, तेव्हा स्नायू आणि पोटाचा घेर यांत दिसणारी तूट चरबीत तितकीशी दिसेना. दिसायला कृश आणि तरीही तुलनेने मेदयुक्त असे हे बाळ! आईच्या आहारातील एकूण उष्मांकांपेक्षा दूध, पालेभाज्या आणि फळे यांचा बाळाच्या आकाराशी अधिक संबंध आढळला होता. पुढे २००८ मध्ये असे दिसले, की दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते, आणि ते कमी पण फोलेट अधिक असलेल्या मातांची मुले सहाव्या वर्षी इन्शुलिनला सर्वाधिक प्रतिरोध करणारी होती. २०१२ पासून तर त्याच मुलांना, मुलगे आणि मुली अशा दोघांनाही, वयात येत असतानाच बी-१२ देऊन त्यांच्या भावी संततीचा विचार करणारा प्रयोग हाती घेतला गेला.

डोंबिवलीहून ठाकुर्ली ओलांडली की कल्याण. आनंदीबाई जोशी यांचा जन्म तिथला, १८६५ सालचा. चौदाव्या वर्षी त्यांना झालेले मूल दहाच दिवस जगले. १८८६ साली फिलाडेल्फियाला एम. डी. होताना त्यांनी प्रबंधासाठी निवडलेला विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. विषयाची ही निवड आणि ते दहा दिवस यांना एकमेकांपासून वेगळे काढणे मला जमत नाही.

टिटवाळ्याच्या त्या मुलीबरोबर तिची धाकटी जाऊ आली होती. लग्नाला चार महिने झालेली, पर्स सांभाळीत दाराशी उभी. कार्ड भरून होताच सिस्टरनी मान वर केली.

"आणि तुझी गं? शेवटची कधी?"

"माझी कशाला, सिस्टर? मला अजून काही नाही."

"म्हणूनच विचारते."

तिने क्षणभर जावेकडे पाहिले आणि तारीख अचूक सांगितली. घरच्या कॅलेंडरावर ती दर महिन्याला पेन्सिलीने बारीक टिंब करून ठेवीत असे. सिस्टरनी तिला चपला काढायला सांगितल्या आणि वजनकाट्यावर उभे केले.