समजून घ्या : सातारा-सांगलीत डायनासोरचा सांगाडा का सापडत नाही?

बागेतल्या फायबरच्या डायनासोरसोबत तुम्हीही फोटो काढला असेल. पण खऱ्या हाडांचा सांगाडा पाहायचा तर कोलकात्यासारखे दूरचे शहर गाठावे लागते. आपल्या डोंगरांत तो का मिळत नाही?

आपले डोंगर किती जुने?

साताऱ्याचा अजिंक्यतारा असो वा सांगलीचा दंडोबा, हा सगळा बसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेला. डायनासोरही त्याच सुमारास संपले. मेक्सिकोत कोसळलेला लघुग्रह हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. आपल्याकडच्या लाव्हाचा त्यात वाटा किती, यावर अजून वाद आहे.

मग हाडे कुठे गेली?

हाड टिकायला ते गाळात लवकर गाडले जावे लागते. मग पाण्यातली खनिजे त्यात झिरपतात आणि दगड बनतो. तापलेल्या लाव्हात हे होत नाही.

लाव्हाखाली जुना गाळ असेल? भूकंपांच्या अभ्यासासाठी कोयना परिसरात ३ किलोमीटर खोल बोअर घेतले गेले. त्यात सुमारे सव्वा किलोमीटर बसाल्ट आणि खाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला. निदान तिथे तरी मधे गाळ नाही.

महाराष्ट्रात कुठे सापडले?

चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावला. तिथे लाव्हाखालचा गाळाचा थर उघडा पडला आहे. १९८०च्या दशकात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांना तिथे मिळालेल्या डायनासोरचे नाव 'इसिसॉरस'. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून २००३ मध्ये ते ठेवले गेले.

खरा सांगाडा कुठे पाहायचा?

याच संस्थेच्या कोलकात्यातील संग्रहालयात 'बारापासॉरस' उभा आहे. गोदावरी खोऱ्यात, आजच्या तेलंगणात, किमान ६ प्राण्यांची सुमारे ३०० हाडे मिळाली. त्यांतून हा सांगाडा जुळवला. नावाचा अर्थ मोठ्या पायाचा सरडा. 'टागोराय' हा पुढचा भाग रवींद्रनाथांसाठी. याची कवटी मात्र सापडलेली नाही, त्यामुळे डोक्याचा आकार हा अंदाजच. कोणत्याही संग्रहालयात गेलात तर खरी हाडे किती आणि साच्यातली किती, हे जरूर विचारा.

जीवाश्म दिसला तर?

उचलून घरी आणू नका. तो कोणत्या थरात होता, यावरूनच त्याचे वय कळते. जागेचा फोटो घ्या आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूगर्भशास्त्र विभागाला कळवा. जागेवरून हललेले हाड शोभेचे होते, पुराव्याचे राहत नाही.